निळ्या पंपातले केवळ पाणी

शेती संशोधन केंद्रात एकतीस वर्षे नोकरी करून एखाद्या मनुष्याने काय साधले, असे विचारले तर बहुतेकांपाशी सांगण्याजोगे काही ना काही असते. कोणी नवे वाण काढलेले असते. कोणी निदान त्या वाणाच्या समारंभात खुर्च्या मांडलेल्या असतात. ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे, त्यांनी एकतीस वर्षे पिकांवर पाणी फवारले. पाण्यात त्यांनी काहीही घातले नाही. काही न घालणे हेच त्यांचे नेमून दिलेले कर्म होते, आणि ते त्यांनी ज्या निष्ठेने केले तितकी निष्ठा औषध घालणाऱ्यांत मला क्वचितच आढळली.

याचे कारण थोडे समजावून सांगितले पाहिजे. वनस्पतीच्या देहात काही रस अत्यल्प प्रमाणात उत्पन्न होतात. त्यांच्याच आज्ञेने पान रुंदावते, फूल टिकते आणि बोंड धरते. विद्वान त्यांना संप्रेरके म्हणतात. तीच कृत्रिम रीतीने तयार करून बाटलीत भरली की दुकानदार त्यांना संजीवके म्हणतो. नाव भारदस्त आहे, परंतु त्यातून मेलेले कोणी उठत नाही. कापसाच्या झाडाला शंभर पाती, म्हणजे फुलापूर्वीच्या कळ्या, लागली, तर त्यांतली साठ-सत्तर बोंड होण्यापूर्वीच गळून पडतात; बाटलीतला रस त्या झाडाला एवढेच सांगतो की बाबा, जरा दम धर. तेही दहा लिटर पाण्यात साडेचार मिलिलिटर इतक्याच आवाजात सांगावे लागते. आवाज चढवला की झाड चिडून उरलेली पातीही टाकून देते.

आता औषधाने गळ थांबली असे म्हणायचे, तर ज्यांना औषध मिळाले नाही त्यांची किती गळली हे ठाऊक हवे. म्हणून प्रत्येक प्रयोगात काही प्लॉट असे ठेवतात की ज्यांवर त्याच दिवशी, त्याच घटकेला, तेवढ्याच दाबाने नुसते पाणी फवारायचे. अहवालातल्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत या प्लॉटांपुढे ‘केवळ पाणी’ असे दोन शब्द असतात. त्यांतला पहिला शब्द केंद्रातल्या लोकांनी उचलला आणि या गृहस्थांना चिकटवला. ते केवळकाका झाले. कैवल्यासाठी इतरांना जन्मोजन्म झिजावे लागते. यांना ते आस्थापना विभागातून मिळाले.

काकांची शेड केंद्राच्या विहिरीला लागून होती. वर पत्रा, आत एक लांब टेबल, एक वजनकाटा, कागदी पाकिटांचे गठ्ठे, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाठीवरचे पाच पंप. चार पिवळे औषधांचे. पाचवा निळा, केवळ पाण्याचा. निळ्याला कुलूप असे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कोणी तरी तणनाशकाचा पंप न धुता कापसावर चालवला होता. आठ दिवसांत सगळ्या शेताची पाने पक्ष्याच्या पंजासारखी आखडली, आणि तो प्रयोग, तो मनुष्य व त्या मनुष्याची बढती ही तिन्ही एकदमच गेली. ते पंजे काकांच्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत. तेव्हापासून निळा पंप वापरण्यापूर्वी तीन वेळा आणि वापरल्यानंतर तीन वेळा धुतला जाई.

केंद्रात तीन वर्षांच्या करारावर आलेल्या संशोधक बाईंनी पहिल्या आठवड्यातच हे पाहिले.

‘‘काका, पाणीच तर होतं त्यात. धुता कशाला?’’

‘‘पाणीच होतं याची खात्री धुतल्यावर होते, बाई.’’

बाईंनी यावर थोडा विचार केला आणि पुढे कधी विचारले नाही. असल्या उत्तराचे मोल ओळखण्याइतकी त्यांची विद्वत्ता अजून ताजी होती.

पंपाखेरीज काकांपाशी वही असे. दर तिसऱ्या दिवशी सकाळी ते प्रत्येक प्लॉटमधल्या चिठ्ठी बांधलेल्या पाच झाडांखाली उकिडवे बसत आणि गळलेली पाती, फुले, कोवळी बोंडे एकेक करून मोजत. आकडा पेन्सिलीने लिहीत. समास त्यांनी मोठा आखून ठेवलेला असे. त्यात काय लिहीत ते कोणी पाहिले नव्हते. दर शनिवारी वही संचालकांच्या टेबलावर जाई आणि सोमवारी पानाच्या तळाशी ‘तपासले’ असा शब्द व खाली सही घेऊन परत येई.

घरी काकू होत्या. त्या सूतगिरणीच्या तपासणी खोलीत काम करीत. यंत्रात धागा अडकवायचा, तो तुटेपर्यंत ताणायचा, किती जोरात तुटला ते लिहायचे, आणि दुसरा घ्यायचा. दिवसाला दोनशे धागे तोडून त्या घरी येत, तेव्हा त्यांची जीभ साहजिकच धारेवर असे.

‘‘लोकांचे नवरे औषध मारतात,’’ त्या म्हणत, ‘‘आमचे पाणी मारतात. इतक्या वर्षांत एक रोप तरी मेलं का यांच्या हातून? तेवढंही नाही.’’

‘‘अगं, ते मरू नये म्हणूनच—’’

‘‘तेच म्हणते मी. कर्तृत्व म्हणून नाहीच काही.’’

हे ऐकून काका हसत, कारण बोलणे खरे होते आणि बोलणारी जेवायला वाढत होती.

बाईंचा प्रयोग सोळा प्लॉटांचा होता. चारांवर गळ थांबवणारे संजीवक, चारांवर झाडाची उंची रोखून त्याचा जीव बोंडात घालणारे दुसरे, चारांवर पाळीपाळीने दोन्ही, आणि उरलेल्या चारांवर केवळ पाणी. कापूस हे पीक मोठे सोयीचे आहे. रुईतून धागा निघतो आणि सरकीतून तेल, त्यामुळे एकाच प्रयोगावर दोन विभागांना आपला हक्क सांगता येतो. तीन हंगामांत औषधाचा फायदा ठळक दिसला, तर शिफारस छापली जाणार होती आणि बाईंची जागा कायम होणार होती. न दिसला, तर प्रयोग बंद आणि करारही बंद. बाईंनी हे कोणाला सांगितले नव्हते; पण केंद्रात जे सांगितले जात नाही ते आधी पसरते.

पहिल्या हंगामात औषधाचे प्लॉट पाण्याच्या पुढे होते चार टक्क्यांनी. दुसऱ्यात दोन टक्क्यांनी. तिसऱ्या हंगामाची पहिली वेचणी झाली, पाकिटे काट्यावर चढली, आणि पाणी पुढे गेले.

बाईंनी वजने तीनदा केली. काट्याखाली कागदाची घडी घालून तो समपातळीत आणला. शेवटी त्या शेडमध्ये आल्या. काका निळा पंप उलटा करून निथळत ठेवत होते.

‘‘काका, रागावू नका. या पंपात काय होतं?’’

‘‘पाणी.’’

‘‘नुसतं?’’

‘‘विहिरीचं.’’

बाईंनी विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला: पाणी. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून नकाशा काढून सोळाही प्लॉट फिरून पाहिले. सगळे जागच्या जागी. मग त्यांनी जे केले ते कोणत्याही शास्त्रज्ञाने प्रथम करायला हवे आणि जे बहुधा शेवटी सुचते: न सांगता, कामाच्या वेळेआधी एक तास, त्या शेतावर गेल्या.

पाण्याच्या चौथ्या प्लॉटमध्ये काका बसलेले होते. हातात खुरपे. झाडाच्या बुंध्याभोवती धरलेला मातीचा पापुद्रा ते अलगद फोडत होते. एका पानाखालून अळी उचलून त्यांनी डब्यात टाकली. दोन ओळींमध्ये गवताची काडी नव्हती. पाटाचे पाणी आधी याच प्लॉटांना दिलेले होते; माती अजून ओली दिसत होती. बाजूचे औषधाचे प्लॉट आपले वेळापत्रकाप्रमाणे, सरकारी रीतीने, जसे वाढायचे तसे वाढत होते.

‘‘काका, हे काय चाललंय?’’

काका दचकले नाहीत. ‘‘रोजचंच आहे, बाई.’’

‘‘रोजचं?’’

‘‘रोज म्हणजे, रविवारी जरा उशिरा येतो.’’

‘‘आणि त्या बाकीच्या बाराकडे?’’

‘‘त्यांना औषध आहे की.’’ काकांनी समजुतीच्या सुरात सांगितले. ‘‘यांना कोण आहे?’’

बाई बांधावर बसल्या. एका विषयाची पदवी, दुसऱ्या विषयाची त्याहून मोठी पदवी आणि तीन वर्षांचे श्रम घेऊन मनुष्य ओल्या बांधावर बसतो, तेव्हा शेजारच्याने काही बोलू नये. काकांना ते कळत असावे. त्यांनी दुसऱ्या झाडाची माती हलवायला घेतली.

‘‘सगळी वर्षं?’’ थोड्या वेळाने बाईंनी विचारले.

‘‘पूर्वी प्रयोग पुष्कळ असायचे. एकेकाला थोडं थोडं पुरायचं. आता माझ्याकडे तुमचा एकच राहिला, म्हणून यांना जरा जास्त मिळालं.’’

चार टक्के, दोन टक्के, आणि शेवटी पाणी पुढे, या कोड्याचा उलगडा तिथे त्या मातीत पडलेला होता.

काका तिघा भावांतले मधले. थोरला शिकणार म्हणून त्याला दूध. धाकटा लहान म्हणून त्याला दूध. भांड्यात जे उरे त्यात पाणी घालून ते मधल्याला. कोणी दुष्ट नव्हते, दूधच तेवढे होते. काकांनी याचे कधी दुःख सांगितले नाही. परंतु केंद्रावरच्या पहिल्या हंगामात कोणी मोठे पाहुणे आले, त्या वेळच्या संचालकांनी औषधाचे प्लॉट फिरून दाखवले आणि पाण्याच्या प्लॉटापुढून जाताना हात झटकून म्हणाले, ‘‘हे काही नाही, हे नुसतं तुलनेला.’’ तुलनेला जन्मलेल्या त्या रोपांकडे काकांनी त्या दिवशी प्रथम नीट पाहिले. दुसऱ्या वर्षापासून खुरपे बरोबर येऊ लागले.

संचालकांची खोली वरच्या मजल्यावर होती. टेबलाला काच, काचेखाली मान्यवरांची छायाचित्रे, आणि खुर्चीमागे भिंतीवर चौकटीतले प्रशस्तिपत्र. संचालकांनी तरुणपणी सूर्यफुलावर एका संजीवकाची शिफारस केली होती: केवळ पाण्यापेक्षा अठरा टक्के अधिक तेल. त्या अठरा टक्क्यांवर ते हळूहळू या खुर्चीपर्यंत चढले होते.

‘‘बसा, काका.’’

‘‘उभाच बरा आहे, साहेब.’’

‘‘हे तुम्ही किती वर्षं करताय?’’

‘‘पहिल्या वर्षी नाही केलं.’’

संचालकांनी मनात वजाबाकी केली. बाई खिडकीजवळ उभ्या होत्या. त्यांची वजाबाकी आधीच झालेली होती.

‘‘म्हणजे माझ्या सूर्यफुलालाही?’’

‘‘सूर्यफुलाला जास्तच, साहेब. त्याची मान खाली जाते ना, मला बघवायचं नाही.’’

‘‘भुईमूग?’’

‘‘भुईमुगाला फक्त मातीची भर दिली. फुलांच्या आऱ्या जमिनीत जाऊन शेंगा धरायला नकोत का?’’

‘‘जवस?’’ संचालकांचा आवाज आता एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तसा झाला होता.

‘‘जवसाला नाही.’’

‘‘नक्की?’’

‘‘जवस मला फारसं आवडत नाही.’’

अशा रीतीने त्या केंद्राच्या तीस वर्षांच्या संशोधनापैकी शुद्ध, निर्भेळ, संशयातीत असे काही उरले असेल, तर ते जवस होते. आणि तेही विज्ञानामुळे नव्हे, नावडीमुळे.

संचालक मंद बुद्धीचे नव्हते. त्यांच्या लक्षात आले की लाडावलेल्या पाण्यापुढे त्यांचे सूर्यफूल अठरा टक्के पुढे गेले असेल, तर ते आणखीच खरे. परंतु ज्या संजीवकांना त्यांनी व त्यांच्या पूर्वसूरींनी ‘लक्षणीय फरक नाही’ म्हणून नापास केले, त्यांचे काय? ती सगळी फायलींच्या रूपाने खालच्या कपाटात होती. न्यायाधीशाला एका सकाळी कळावे की आजवर प्रत्येक खटल्यात प्रतिपक्षाला कोणी तरी मागच्या दाराने वकील पुरवत होते, तशी त्यांची अवस्था झाली.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ‘‘हे बघा. समितीची बैठक सोमवारी आहे. नियम असा आहे की अपघाताने प्रयोग बिघडला तर एक वर्ष वाढवून मिळतं. तुम्ही चार ओळी लिहून द्या, की एके दिवशी निळा पंप धुवायचा राहिला आणि पाण्याच्या प्लॉटांवर औषध गेलं. संपलं. बाईंना वर्ष मिळेल, केंद्राची झाकली मूठ झाकलेली राहील, आणि तुम्हाला कोणी काही करणार नाही. एक ताकीद येईल, ती मीच पाठवीन.’’



‘‘निळा पंप धुतला नाही, असं लिहू?’’

‘‘एकदाच. चूक माणसाकडूनच होते, काका.’’

‘‘माणसाकडून होते, साहेब. पंपाकडून नाही.’’

‘‘सोमवारपर्यंत विचार करा.’’

जिन्यात बाई त्यांच्या मागोमाग उतरल्या. खालच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, ‘‘काका, एक सांगते. तुम्ही खोटं लिहिलंत तर मला वर्ष नक्की मिळेल. खरं लिहिलंत तर मिळेलच असं नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, पण तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.’’

‘‘तुमचं म्हणणं काय, बाई?’’

‘‘माझं म्हणणं मला विचारू नका. मला नोकरी हवी आहे.’’

इतके स्वच्छ उत्तर त्या इमारतीत अनेक वर्षांत कोणी दिले नसेल.

पुढचे तीन दिवस काकांचे वाईट गेले. स्वतःच्या कृत्याची त्यांना लाज वाटत होती, आणि ती योग्यच होती. आपल्या मायेने बाईंची तीन वर्षे खाल्ली हे त्यांना दिसत होते. चूक कबूल करायला ते तयार होते. केलेल्या चुकीऐवजी न केलेली कबूल करायची, तीही नेमकी पंपाची, हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. तुम्ही जास्त लाड करता असे आईला म्हटले तर ती ऐकून घेईल. तुमचे मूल अस्वच्छ आहे असे म्हणून पाहावे.

काकूंना हे सगळे कळले ते काकांनी जेवताना तिसऱ्यांदा मीठ घेतले म्हणून.

‘‘आमच्याकडे,’’ सगळे ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘धागा कमी जोरात तुटला की कमी जोरात तुटला असं लिहितात. मशीन बिघडलं होतं असं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी मशीनवाला येऊन मशीन उघडून बसतो. मग बसा सगळे हात चोळत.’’

‘‘पण बाईंचं काय?’’

‘‘बाईंचं तुम्ही आधीच करून ठेवलंय. आणखी काय करणार? आणि ही लपवाछपवी कशासाठी, तेच मला कळत नाही. वहीत लिहिलंयतच की तुम्ही.’’

‘‘काय?’’

‘‘ते कडेला. चारला भर दिली, नऊच्या अळ्या वेचल्या. मला वाचून दाखवायचात नाही का लग्नानंतर? मी म्हणायचे, कविता करतात की काय हे.’’

काकांनी घास खाली ठेवला. समासातले लिहिणे हे श्वास घेण्यासारखे होते. श्वास घेतला याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि घेतला नाही असेही कोणी म्हणत नाही. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी प्रत्येक लाड तारीखवार लिहून ठेवला होता. लपवले काहीच नव्हते. वाचले मात्र कोणीच नव्हते.

सोमवारी समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बाहेरून आलेले तीन सदस्य, संचालक, आणि एका टोकाला बाई. काकांना कागद घेऊन बोलावले होते. ते पोते घेऊन आले. त्यांनी ते टेबलावर उपडे केले. पेन्सिलीचा, मातीचा आणि जुन्या कागदाचा वास घेऊन तीस वह्या घसरत सदस्यांच्या कोपरांपर्यंत गेल्या.

‘‘हे काय?’’ सदस्यांतल्या सर्वांत वयस्कर बाई म्हणाल्या. त्या बीजतेलाच्या तज्ज्ञ होत्या आणि त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असे.

‘‘जबाब,’’ काका म्हणाले. ‘‘निळ्या पंपात पाणीच होतं. प्रयोग मी बिघडवला, पण तसा नाही. कसा बिघडवला ते कडेला लिहिलंय.’’

वयस्कर बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि एक वही मधूनच उघडली. ‘‘बाविसावी तारीख,’’ त्यांनी मोठ्याने वाचले. ‘‘प्लॉट सात, केवळ पाणी. दोन झाडं कोमेजलेली दिसली. संध्याकाळी मडक्याने पाणी घातलं. बरी आहेत.’’ पान उलटले. ‘‘प्लॉट सात. बरी आहेत.’’ पुन्हा उलटले. ‘‘प्लॉट सात. आज पहिलं फूल. औषधवाल्यांच्या आधी.’’

एका सदस्याला ठसका लागला.

‘‘हे नियमबाह्य आहे,’’ दुसरे सदस्य म्हणाले. ‘‘अत्यंत. देखरेख कोणाची होती?’’

वयस्कर बाईंचे बोट पानावरून हळूहळू खाली सरकले. तळाशी थांबले. त्यांनी दुसरी वही घेतली, तिचा तळ पाहिला, मग तिसरीचा. प्रत्येक पानाखाली ‘तपासले’ होते. शेवटच्या अकरा वह्यांतल्या सह्या विद्यमान संचालकांच्या होत्या, त्याआधीच्या त्यांच्या पूर्वसूरींच्या. हस्ताक्षर बदलले होते, निष्काळजीपणाची परंपरा मात्र अखंड होती.



‘‘हे सर्व,’’ वयस्कर बाई अत्यंत मृदू स्वरात म्हणाल्या, ‘‘तपासलेलं आहे.’’

संचालकांनी घसा साफ केला. काकांना शिक्षा करायची, तर तपासणाराला आधी करावी लागली असती, आणि तपासणारे टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसलेले होते. मनुष्याला न्यायाची जाणीव अशा वेळी विलक्षण त्वरेने होते. चहा येईपर्यंत एकमताने ठरले की नोंदी प्रामाणिक आहेत, विचलन लेखी आहे, आणि प्रयोगाला एक वर्ष वाढवून देणे विज्ञानाच्या हिताचे आहे.

‘‘मात्र या गृहस्थांना त्या शेतापासून दूर ठेवा,’’ दुसरे सदस्य म्हणाले.

बाई प्रथमच बोलल्या. ‘‘नको. मला तेच हवेत. नुसत्या पाण्याला त्यांनी औषधाच्या पुढे नेलं. औषधाला ते कुठे नेतात ते बघायचंय. फक्त पाणी कोणतं, ते त्यांना कळू द्यायचं नाही.’’

अशा रीतीने नोकरीच्या शेवटच्या वर्षी केवळकाकांचे पाणी त्यांच्यापासून काढून घेतले गेले. बाईंनी सोळाही प्लॉटांचे क्रमांक नव्याने टाकले. फवारणीची चारही मिश्रणे त्या स्वतः बंद खोलीत तयार करीत. एकाच रंगाची, आणि औषधाला स्पिरिटचा वास येतो म्हणून पाण्यातही थेंबभर स्पिरिट. कोणत्या क्रमांकात काय, हे एका पाकिटात सीलबंद करून त्यांनी वयस्कर सदस्य बाईंकडे ठेवायला दिले. रोज कोणत्या प्लॉटला आधी पाणी, कोणाची खुरपणी आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरे. निळा पंप चार महिने कुलपात राहिला. तरी दर शनिवारी काका तो काढून धूत.

त्यांची तळमळ पाहण्यासारखी होती. सोळांतली चार अनाथ, आणि कोणती ते ठाऊक नाही. तेव्हा त्यांनी एकच शहाणपणाची गोष्ट केली: सोळांनाही अनाथ मानले. प्रत्येक बुंध्याची माती हलली, प्रत्येक पानाखाली पाहिले गेले. मात्र मन ऐकत नाही. महिन्याभरात तीन, सहा, अकरा आणि चौदा हे प्लॉट इतरांहून ठेंगणे दिसू लागले, आणि काका बाईंकडे आले.

‘‘बाई, मला कळलं.’’

‘‘मला सांगू नका.’’

‘‘सांगत नाही. पण मला कळलंय, आणि मी तिकडे जास्त थांबत नाही. कसं थांबत नाही ते मलाच ठाऊक.’’

‘‘चिठ्ठीप्रमाणेच?’’

‘‘चिठ्ठीप्रमाणेच. वहीत आहे.’’

बाई आता समास वाचत. ‘प्लॉट अकरा,’ तिथे लिहिलेले असे, ‘ठेंगणा. वाईट वाटलं. चिठ्ठीत शेवटी होता, शेवटीच केला.’

शेवटची वेचणी झाली आणि पाकीट उघडायला वयस्कर बाई स्वतः आल्या. शेडमध्येच, वजनकाट्यापाशी, चौघेजण उभे राहिले. संचालक दारात, आत येऊ की नको अशा बेताने. सर्व सोळा प्लॉटांना त्या शेतावर पूर्वी कधी न आलेला कापूस आला होता. आणि त्यांतही चार-चारांचे तीन गट चौथ्याच्या स्पष्ट पुढे होते. एक नऊ टक्क्यांनी, दुसरा अकरा, तिसरा चौदा. सरकीतल्या तेलाचे आकडेही त्याच दिशेने गेलेले.

बाईंनी वजनांच्या यादीवरून डोळे उचलले नाहीत, पण त्यांचे खांदे जे चार वर्षे कानांपाशी होते ते खाली आले.

वयस्कर बाईंनी यादी वाचली. ‘‘तीन, सहा, अकरा, चौदा. वाढ रोखणारं संजीवक.’’

काकांनी मान वर केली. ‘‘ते ठेंगणे?’’

‘‘ते ठेंगणे राहावेत म्हणूनच औषध होतं, काका,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अकरा टक्के पुढे आहेत.’’

‘‘मग पाणी?’’

‘‘एक, आठ, दहा, सोळा.’’

काका काही क्षण त्या आकड्यांकडे पाहत राहिले. एक, आठ, दहा आणि सोळा हे उंच, भरदार, रुबाबदार प्लॉट होते. त्यांनी सबंध हंगाम त्यांना थोरल्या भावाप्रमाणे वागवले होते: चिठ्ठीत नाव आले की कर्तव्य करायचे, आदर ठेवायचा, आणि मनातून थोडा राग धरायचा.

संचालकांनी अभिनंदन केले, शिफारशीच्या मसुद्यात आपले नाव कुठे येईल याची सहज चौकशी केली आणि ते गेले. खालच्या कपाटाची किल्ली हरवल्याचे त्यांनी आदल्याच आठवड्यात लेखी कळवले होते. कायम झाल्यावर बाईंनी पहिले पत्र लोहाराला लिहिले.

त्या संध्याकाळी काकूंनी विचारले, ‘‘मग? जिंकलं कोण?’’

‘‘औषध.’’

‘‘आणि तुमचं पाणी हरलं?’’

‘‘हरलं. पण सगळ्यांत उंच तेच होतं.’’ काकांनी पाट ओढून घेतला. ‘‘आणि मी वर्षभर त्याच्यावर रुसून होतो.’’

काकूंनी वाढता वाढता त्यांच्याकडे पाहिले. थोरले दीर आठ वर्षांत या घरी आले नव्हते, कारण त्यांना कोणी बोलावले नव्हते.

‘‘भाऊजींना पत्र टाकायचं का?’’ त्या म्हणाल्या.

‘‘बघू,’’ काका म्हणाले. ‘‘चिठ्ठ्या टाकू.’’